काकांचं डोकं

किस्से गोळा करावे लागतात, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. तीन शहाणी माणसं एका अंधाऱ्या खोलीत कोंडायची आणि त्यांना सांगायचं, आत जे काही कराल ते नीट करा. पुढचं आपोआप होतं. आमच्याकडे तर ते इतके साठलेत, की कुठल्या लग्नाला गेलो की यजमान ताट वाढायच्या आधी "ते मिशीचं सांगा ना" म्हणून समोर बसतात.

आमचा उद्योग साधा आहे. जुन्या कॅमेऱ्यात कधीकधी रोल तसाच राहून गेलेला असतो. फोटो काढलेले असतात, पण रोल धुतलेला नसतो. मग कॅमेरा कपाटात जातो आणि सगळे विसरतात. असे रोल आम्ही धुऊन देतो, तेही फुकट. फुकट का, ते पुढे कळेलच.

आम्ही म्हणजे तिघं. मी नंदू, राहायला बडोद्यात, अकोट्याला, नोकरी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो, स्वतःच्या मी रविवारी करतो. दुसरा शिर्के, शाळेत पी.टी.चा सर. त्याचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते आणि ती फौज अजून मोडलेली नाही, असा त्याचा आवाज आहे. तिसरे केतनभाई, दातांचे डॉक्टर. खंडेराव मार्केटच्या मागे त्यांचा दवाखाना आहे. एक्स-रे फिल्मवर निघायचे त्या काळातली एक अंधारी केबिन तिथे अजून आहे, आणि तीच आमची प्रयोगशाळा. केतनभाई गुजराती, पण लहानपण मराठी शेजारात गेल्यामुळे आमच्याशी मराठीच बोलतात, असं निदान त्यांना तरी वाटतं.

चौथी आत्या. शिर्केची सख्खी आत्या, ऐंशीच्या पुढची, दांडिया बाजारात राहते. ती आमच्या मंडळात नाही, आमची परीक्षक आहे. कारण तिच्याकडे एक कॅमेरा आहे, त्यात रोल आहे, आणि त्या रोलवर काका आहेत.

काका म्हणजे आत्याचे यजमान. त्यांना फोटोंचा भारी नाद. अख्ख्या भावकीची लग्नं, मुंजी, बारशी त्यांनीच टिपली. कॅमेरा कायम स्वतःच्या हातात, त्यामुळे स्वतः मात्र कुठल्याच फोटोत नाहीत. ते गेले तेव्हा तेराव्याला ठेवायला फोटो मिळेना. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. मानेपर्यंतचा तो फोटो अजून आत्याच्या हॉलमध्ये लावलेला आहे. त्यात काका चोरी पकडली गेल्यासारखे बघतात.

आयुष्यात एकदाच आत्याने त्यांचा फोटो काढला, कामाटीबागेत, प्राणिसंग्रहालय बघायला गेले तेव्हा. तिने बटण दाबलं आणि काका म्हणाले, "झालं. डोकं कापलंस." रोल धुवायच्या आधीच! तो रोल काही धुतला गेला नाही. काका काटकसरी, शेवटचे दोन-चार फोटो संपल्याशिवाय धुवायचा नाही हा त्यांचा नियम, आणि तेवढ्यात मुलाने रंगीत फोटोंचा नवा कॅमेरा आणला. जुना कपाटात गेला. विनोद मात्र कपाटात गेला नाही. काकांचे दोन ठेवणीतले डायलॉग होते. एक, "बायकोची पर्स धरणारा माणूस मी नव्हे," हा मंगळबाजारात, आत्याच्या दोन्ही हातांत पिशव्या आणि काकांचे दोन्ही हात पाठीमागे असताना. आणि दुसरा प्रत्येक पंगतीत: "हिने एकदाच माझा फोटो काढला, नि डोकं कापलं." सगळे हसायचे. आत्या दर वेळी म्हणायची, "मी कापलेलं नाही." काका गेले, पण भावकी तो विनोद अजून करते आणि आत्या तेच उत्तर अजून देते.

तिला तो रोल धुऊन हवा होता. पण रोल एकदाच धुता येतो, बिघडला की संपलं. बडोद्यात हल्ली ब्लॅक अँड व्हाइट धुणारं कुणी उरलं नाही, आणि मुंबईला कुरियरने पाठवू म्हटलं तर आत्या म्हणाली, "ते एकदा मला न घेता मुंबईला गेले होते, तेवढं पुरे." त्यात तिच्या डोळ्यांचं दुखणं सुरू झालं. समोरचं मधोमध पुसट दिसायला लागलं, आणि डॉक्टर म्हणाले, हे कमी होणार नाही, वाढेलच. म्हणजे रोल द्यायचा तर लवकर द्यायला हवा होता, आणि द्यायचा कुणाला, तर आम्हाला. शिर्के दर रविवारी तिच्याकडे जाऊन आमच्या प्रगतीचा रिपोर्ट द्यायचा. तो प्रामाणिक माणूस आहे, आणि घोटाळा तिथेच झाला.

*

श्रीगणेशा मी केला. जुन्या बाजारातून मी एक कॅमेरा आणला, चांगला वजनदार, चामड्याच्या खोळीतला. घरी आल्यावर वाटलं, आत रोल असेल का? आमच्या कारखान्यात भिंतीवर लिहिलंय, गृहीत धरू नका, तपासा. मी बाल्कनीत, भर दुपारी, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं.

रोल होता! मी बायकोला, मेधाला, हाक मारली. तिने पाहिला. शेजारचे पटेलकाका आले, त्यांनी चष्मा लावून पाहिला. मग मी झाकण अतिशय हळुवारपणे बंद केलं आणि शिर्केला फोन करून सांगितलं, की ऐतिहासिक वस्तू हाती लागलीय.

रोलला उजेड लागला की तो बाद होतो, हे मला शाळेपासून माहीत आहे. फक्त त्या दुपारी माहीत नव्हतं. धुतल्यावर काळी कुळकुळीत पट्टी निघाली. मेधाने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "बरं झालं तपासलंत ते."

पण पुढे लक्षात आलं, की याबाबतीत मी एकटा नाही. कारेलीबागेतले एक गृहस्थ वडिलांचा कॅमेरा घेऊन आले. तोपर्यंत मी शहाणा झालो होतो. दारातच विचारलं, उघडला तर नाहीत ना? ते चक्क दुखावले. म्हणाले, "अहो, वडिलांची आठवण आहे. दर दसऱ्याला पूजेत मांडतो. झाकण उघडतो, रोलला हळदकुंकू वाहतो, आणि लगेच बंद करतो."

आम्ही तो रोल धुतला नाही. नुसता नमस्कार केला आणि परत दिला.

हे दोन्ही शिर्केने आत्याला सांगितलं. तिने त्याच दिवशी आपला कॅमेरा काळ्या कापडात गुंडाळून गव्हाच्या डब्यात खोल पुरला.

*

रोल धुवायचं औषध थंड लागतं. इकडे बडोद्यात मे महिन्यात नळ सोडला की त्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी असते. म्हणून औषधाचा डबा बर्फाच्या टबात ठेवायचा, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं.

रोल होता एका बाईंच्या लग्नाचा. केतनभाईंच्या पेशंट. दवाखान्यातला फ्रिज नेमका त्या दिवशी बंद, म्हणून शिर्केला बर्फ आणायला पाठवलं. तो कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडे गेला. गोळेवाला बिनरंगाचा नुसता बर्फ देईना. म्हणाला, "रंग वगर बरफ ना आपुं, साहेब. धंधो छे." शिर्केने त्याला शिस्तीवर चार शब्द सुनावले आणि हातभर काला खट्टा गोळे घेऊन परत आला.

आमच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. बर्फ डब्याच्या बाहेरच राहणार, औषधात थोडाच जाणार, असा मी तांत्रिक निर्णय दिला. निर्णय बरोबरच होता. रोल झकास धुतला गेला, नवरानवरी स्वच्छ आली. फक्त आमचे सगळ्यांचे हात चिकट होते, आणि त्याच हातांनी आम्ही ती ओली फिल्म वाळत घातली.

थोड्या वेळाने येऊन पाहतो तर मुंग्यांची वरात. बाकीच्या फुंकरीने उडाल्या. एक मात्र ओल्या फिल्मला चिकटून तिथेच वाळली, नेमकी नवरदेवाच्या नाकाखाली. निगेटिव्हवर जे काळं ते फोटोत पांढरं येतं. त्यामुळे मुंडावळ्या बांधलेल्या त्या कोवळ्या नवरदेवाला भरघोस पांढरी मिशी आली.

फोटो द्यायला मी आणि केतनभाई गेलो. आत्ता ओरडतील, मग ओरडतील म्हणून मी दाराजवळच उभा होतो. बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "राहू द्या. लग्नानंतर वर्षभरात असेच दिसायला लागले."

आत्याला हा किस्सा आवडला. पण तिने शिर्केला विचारलं, "मग यांच्या तोंडावर तुम्ही काय बसवणार, झुरळ?"

*

शिर्केची शिट्टी ही एक वेगळीच गोष्ट आहे. औषधाचा डबा ठरावीक वेळाने हलवावा लागतो. अंधारात घड्याळ दिसत नाही, म्हणून शिर्के केबिनबाहेर स्टॉपवॉच घेऊन उभा राहायचा आणि वेळ झाली की शिट्टी फुंकून आज्ञा करायचा. आत मी आणि केतनभाई ती पाळायचो.

दवाखाना रविवारी बंद असतो. पण एका रविवारी केतनभाईंचे एक जुने पेशंट दाढ धरून आले. केतनभाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, हिरडीत इंजेक्शन दिलं, आणि "बधीर होईपर्यंत बसा हं, मी आलोच," म्हणून केबिनमध्ये आले. शिर्के दाराबाहेर, पेशंटच्या पाठीमागे. तो तिथे आहे हे पेशंटला माहीत नाही.

शिट्टी वाजली. मागून आवाज आला, "हलवा!" आतून माझा आवाज, "हलत नाहीये!" केतनभाई म्हणाले, "जोरथी! जोरथी!" पुन्हा शिट्टी. "थांबा! आता ओता सगळं!" मग केतनभाईंचा तो उसासा, "अरेरे, आ तो हाथमांज तूटी गयुं."

तुटलं होतं डब्याचं झाकण. आम्ही बाहेर आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. पेशंट गळ्यातल्या कागदी रुमालासकट गेले होते. पुढे कित्येक महिने ते केतनभाईंना बाजारात दिसले की अर्धा चेहरा हाताने झाकून रस्ता ओलांडायचे. दाढ त्यांनी आणंदला जाऊन काढली, असं नंतर कळलं.

*

कॉफीचं थोडक्यात सांगतो, कारण घरात अजून तो विषय निघालेला मेधाला चालत नाही.

इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या, एवढ्यावर रोल धुता येतो. ही थाप नाही, खरंच येतो. वास मात्र असा सुटतो, की आमच्या वॉचमनने गटार तुंबल्याची तक्रार नोंदवली होती. मी व्यवस्थित माणूस. दर वेळी मोजमाप नको म्हणून कॉफी आणि सोडा आधीच मिसळून ठेवला. कशात ठेवला, तर कॉफीच्याच बरणीत, कारण त्यात मुख्यतः कॉफीच होती.

त्या संध्याकाळी मेधा शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या. शिर्केही होता. मेधाने कॉफी केली. बाईंचं माझ्याशी बोलणं चाललं होतं म्हणून कप टेबलावरच राहिला, आणि शिर्केने पहिला घोट घेतला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण समोर बाई बसलेल्या, तो स्वतः शिक्षक. घोट गिळून तो उठला, बाईंच्या पुढचा कप उचलला, आणि खिडकीतून खाली कुंडीत ओतला. मग परत येऊन बसला.

बाई मेधाला म्हणाल्या, "तुमचे पाहुणे जरा वेगळे आहेत." माझी नालायकी शिर्केच्या नावावर गेली. कुंडीतला मोगराही गेला.

*

आता ज्यामुळे माझी खरी अब्रू गेली तो किस्सा. एका जुन्या कॅमेऱ्यात चांगला रोल निघाला. कॅमेरा बाजारातला, मालक कोण ते माहीत नाही. फोटो कुठल्यातरी घरगुती समारंभाचे. त्यातला एक फारच सुरेख होता. खांबाला टेकून उभी असलेली एक तरुण बाई, गालावर हात, नजर दूर कुठेतरी.

मी त्या फोटोच्या प्रेमात पडलो. आमच्याकडच्या मराठी वाचनालयात माझं छोटंसं भाषण ठरलं, विषय मीच सुचवला होता: 'अनामिकांचे चेहरे'. फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला आणि सुटलो. ही स्त्री कुणाची वाट पाहत असेल? समारंभाच्या गर्दीत ती एकटी का? तिच्या डोळ्यांतलं दुःख कॅमेऱ्याला कळलं, माणसांना कळलं नाही, वगैरे. मी स्वतःच रुमाल काढला. पहिल्या रांगेत आत्या बसली होती, तिनेही पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, जिंकलं.

भाषण संपल्यावर मागून एक जाडजूड बाई उठल्या. म्हणाल्या, "अहो, ती मी आहे. दिराचं लग्न होतं ते. दुःख कसलं, दाढ ठणकत होती."

केतनभाई खुर्चीतून उठले, पडद्याजवळ गेले, फोटो न्याहाळून म्हणाले, "नीचेनी, डावी बाजू. बरोबर?"

"बरोबर," बाई म्हणाल्या.

त्या दिवशीच्या टाळ्या केतनभाईंना मिळाल्या. आत्या पदराने डोळे पुसत होती ते हसून हसून, हे मला जवळ गेल्यावर दिसलं.

*

पण त्यानंतर दोन आठवड्यांनी तिने आम्हा तिघांना बोलावून घेतलं. टेबलावर गव्हाचा डबा होता. तिने चहा ओतला तो अर्धा बशीत आणि अर्धा टेबलावर. शिर्के फडकं घेऊन पुसायला लागला तर म्हणाली, "राहू दे. ह्याच्यासाठीच बोलावलंय."

मग तिने कोपरापर्यंत हात घालून गव्हातून कॅमेरा काढला. केतनभाईंनी विचारलं, आत्या, आता एकदम विश्वास कसा काय बसला? ती म्हणाली, "विश्वास कसला. डोळे आहेत तोवर बघायचंय. तुम्ही बिघडवलंत तर बिघडवलंत, पण डब्यात राहूनही काही सुधारणार नाही."

मी कॅमेरा घरी आणला तेव्हा मला पहिल्यांदा या नादाची भीती वाटली. इतके दिवस आम्ही लोकांच्या आठवणींशी खेळत होतो आणि किस्से सांगून मोकळे होत होतो. हिची तर एकच आठवण होती.

त्या रविवारी आम्ही काहीही चूक केली नाही. हे वाचायला विचित्र वाटेल, पण तसंच झालं. आधी एक साधा रोल धुऊन रंगीत तालीम केली. बर्फ थेट बर्फाच्या कारखान्यातून आणला. मुंग्यांसाठी हळद टाकली. दवाखान्याला कुलूप. शिर्केने शिट्टी घरी ठेवली आणि कुजबुजत्या आवाजात आज्ञा दिल्या, ज्या फक्त खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेल्या. अंधारात मी रोल इतका घट्ट धरून ठेवला, की केतनभाईंनी तो माझ्याकडून काढून घेतला आणि पेशंटला म्हणतात तसं मला म्हणाले, "खोल श्वास घ्या."

मग दिवा लावला. केतनभाईंनी पट्टी उचलून धरली. "आवी गयुं," ते हळूच म्हणाले. पुसट होतं, पण होतं. कुणाचं तरी बारसं, कामाटीबागेचं फाटक, पिंजऱ्यातलं अस्वल. मग आत्या स्वतः, बाकावर बसलेली, तरुण. त्याच्या पुढचा फोटो कॅमेरा उभा धरून काढलेला. केतनभाईंनी पट्टी कापून तुकडे वाळत घातले आणि आम्ही तिघांनी त्या उभ्या फोटोचा तुकडा उजेडासमोर धरला.

बूट होते. पँट होती, शर्ट होता, कॉलर होती. कॉलरच्या वर फोटो संपत होता.

मी हळूच विचारलं, केतनभाई, तुम्ही कात्री कुठे चालवली? त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी नेमकं तिथेच कापलं होतं! पुढची काही मिनिटं एक क्वालिटी कंट्रोलवाला, एक शिक्षक आणि एक डॉक्टर काकांचं डोकं शोधत होते. शिर्के कचऱ्याच्या डब्यात बघत होता, मी टेबलाखाली. शेवटी केतनभाईंनी पुढचा तुकडा आणून या तुकड्याला जोडून पाहिला. त्यावर मोर होता. कापणं आमचं नव्हतं.

आता आत्याला काय सांगायचं? केतनभाई म्हणाले, सांगू की रोल बिघडला. आमचं नाव सांगितलं की कुणीही विश्वास ठेवेल. ते खरंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या अब्रूचा कुणाला तरी उपयोग होणार होता. आत्या आमच्यावर चार दिवस चिडली असती, पण तिचं म्हणणं शाबूत राहिलं असतं. मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

शिर्के म्हणाला, "मग काका तिला दिसणारच नाहीत."

त्याचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू होता.

आम्ही फोटो मोठा करून घेतला आणि सकाळी, चांगल्या उजेडात, तिच्याकडे गेलो. ती खिडकीजवळ टेबलाशी बसली होती. फोटो समोर ठेवला. हल्ली ती समोरचं बघायला मान किंचित वळवते आणि डोळ्याच्या कडेने बघते. तिने भिंग घेतलं आणि खालून सुरुवात केली. "बूट त्यांचेच," म्हणाली. "पॉलिश बघ." मग भिंग हळूहळू वर सरकलं. हाताशी येऊन बराच वेळ थांबलं. मग शर्टाची बटणं, खिशातलं पेन, कॉलर. आणि मग ते कागदाच्या बाहेर गेलं, टेबलक्लॉथवर. तिथेही तिने थोडा वेळ शोधलं.

"कापलंय," आत्या म्हणाली.

मी घाईघाईने समजावायला लागलो, की त्या कॅमेऱ्यात आपण बघतो ती खिडकी वेगळी आणि फोटो काढणारं भिंग वेगळं, जवळून काढलं की असं होतं, कुणाच्याही हातून झालं असतं.

"गप रे. मीच कापलंय," ती म्हणाली. मग भिंग पुन्हा खाली नेलं, हातापाशी. शिर्केला म्हणाली, "मला नीट दिसत नाही. त्यांच्या हातात काय आहे ते तू सांग."

शिर्के वाकला. "पर्स आहे, आत्या."

"कुणाची?"

"तुझी."

"मोठ्याने म्हण."

"तुझी पर्स!" शिर्के म्हणाला, आणि समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी खिडकीत डोकावलं. आत्या हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. मलाही रडू आलं. केतनभाई गुजरातीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत खिडकीबाहेर बघत राहिले.

थोड्या वेळाने तिने विचारलं, याची फ्रेम करता येईल का? आम्ही म्हटलं, का नाही. तेव्हा तिने बजावून सांगितलं, की फ्रेम भिंतीवरच्या ओळखपत्राच्या फोटोएवढीच रुंद हवी, एक सूतही कमीजास्त नको. का, ते आम्हाला कळलं नाही. पण मी कारखान्यातली मोजपट्टी आणून माप घेतलं.

पुढच्या रविवारी फ्रेम घेऊन गेलो. आत्याने हातोडी आणि खिळा काढून ठेवला होता. शिर्के स्टुलावर चढला आणि विचारलं, कुठे लावू? तिने ओळखपत्रातल्या काकांच्या बरोबर खाली बोट दाखवलं. "तिथे. चिकटून. मध्ये भिंत दिसता कामा नये."

शिर्केने खिळा ठोकला, फ्रेम अडकवली आणि खाली उतरला. आत्या दोन पावलं मागे गेली, मान वळवून डोळ्याच्या कडेने वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"परत चढ," ती म्हणाली. "जरा डावीकडे घे. यांची मान वाकडी होतेय."